दाजी मेस्त्री आणि तिसरी ओळ

दाजी मेस्त्री कुठल्याही जुन्या दगडाला पहिल्यांदा हात लावत तो उलटा. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. मग त्या दगडाशेजारी फतकल मारून बसत आणि तासभर काही म्हणजे काही करत नसत. मी मालवणात नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी ते मला प्रथम दिसले ते असेच. कचेरीच्या मागच्या परसात एक वीरगळ आणून ठेवला होता, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा वीराच्या नावाने कोरलेला दगड. त्याच्यापुढे हा साठीकडे झुकलेला, काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला माणूस शांत बसून होता. मी साताऱ्याकडचा, चोवीस वर्षांचा, नव्या राज्याचा नवा सरकारी नोकर. शिपाई काम टाकून बसलाय, एवढंच मला दिसलं.

"काय हो, काम नाही का?" मी आवाज चढवून विचारलं.

"काम चालूच आसा," ते मागे न बघता म्हणाले. "दगड सुकता हा."

"आणि तुम्ही काय करताय?"

"मी तेका सोबत करतंय."

माझा पारा चढला. त्यांनी मात्र वळून माझे बूट पाहिले, माझी नवी कोरी बॅग पाहिली, आणि एकदम छापील मराठीत म्हणाले, "आपण नवीन साहेब. आपण आसनस्थ व्हावे, मी चहा सांगतो." कचेरीत ते नेहमी अशी मराठी बोलत आणि ती बोलताना त्यांची मान ताठ होई, जणू गळपट्टा बांधलाय. दगडापाशी आणि माणसांत मात्र अस्सल मालवणी.

आमची कचेरी म्हणजे बाजारामागच्या एका कौलारू घरातली दीड खोली. जुन्या वास्तू आणि शिलालेख जपण्यासाठी सरकारनं जे खातं काढलं होतं त्याचं हे किनाऱ्यावरचं ठाणं. समोर समुद्रात उभा असलेला मोठा किल्ला आमच्याकडे नव्हता, तो दिल्लीकडे. आमच्या वाट्याला आलेली पडकी देवळं, बुजलेल्या विहिरी, रानात लोळणारे कोरीव दगड. "मोठो झील दिल्लीक दिलो, उरलली पोरां आमच्या पदरात," असं दाजी म्हणत आणि त्या उरलेल्या पोरांवरच त्यांचा जीव होता. आम्ही गावोगाव हिंडायचो, याद्या करायचो, भिंतीत शिरलेली पिंपळाची मुळं काढायचो, आणि जे वाचवण्याजोगं वाटेल त्याचा प्रस्ताव मुंबईला पाठवायचो. मंजूर झाला तर तिथं निळी पाटी लागायची. नाही झाला तर आम्ही पुन्हा प्रस्ताव पाठवायचो.

दाजींचं खरं काम शिलालेखांचे ठसे घेण्याचं. पण सरकारच्या तक्त्यात तसं पदच नव्हतं, म्हणून कागदोपत्री ते 'शिपाई, हंगामी'. ठसा घेताना त्यांना बघावं. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, केसाळ ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि कागद अर्धामुर्धा सुकला की शाईच्या बोळ्यानं वरून थोपटायचं. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. ऐकायला सोपं. मी केलं तेव्हा पहिला कागद फाटला, दुसरा खारं वारं लागून पापडासारखा सुटून आला आणि तिसऱ्यावर शाईचा नुसता चिखल झाला. दाजी हसले नाहीत. "घाई आसात तर फोटो काढा," एवढंच म्हणाले. कॅमेऱ्याबद्दल त्यांना सवतीइतकं प्रेम होतं.

कुणी नवखा विद्वान येऊन म्हणाला, "दाजी, हे अक्षर जरा ठळक करा की," तर ते ब्रश खाली ठेवीत. "दगडार आसा तितक्याच कागदार येवक व्हया. जास्त व्हया तर तुमी तुमच्या वहीत काढा." मोठमोठ्या माणसांना ते असं तोंडावर बोलत, आणि मोठी माणसं ऐकून घेत. मला याचं फार कौतुक वाटे आणि थोडा रागही येई, कारण माझं कुणी इतकं ऐकत नसे.

आचऱ्याची गोष्ट सांगतो. तिथं एका मासे विकणाऱ्या बाईच्या विहिरीवर एक सुंदर वीरगळ पालथा पडला होता आणि ती त्यावर रोज कपडे आपटत होती. मी सरकारी भाषेत तिला समजावलं की हा दगड राज्याचा ठेवा आहे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सरकाराक माझो धुवचो दगड कित्याक व्हयो? तुमच्या सायबाकडे कपडे धुवक दगड नाय?" सगळी वाडी हसली. मी नोटीस काढतो म्हणून तणतणत परतलो. दाजी मागे राहिले ते दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून वीरगळ घेऊन हजर. त्यांनी ओढ्यातला एक सपाट दगड निवडला, दोन दिवस बसून तो घासून गुळगुळीत केला, विहिरीवर बसवला, आणि बाईच्या देखत अंगातला सदरा काढून त्यावर धुऊन दाखवला. "बायेक पटला," दाजी म्हणाले. "पयल्यापेक्षा साबण कमी लागता." बाईनं वर दोन सुके बांगडे बांधून दिले होते, तेही कचेरीत आले.

असा हा माणूस. आता जी गोष्ट सांगायची आहे ती मला तितकीशी सोपी नाही, कारण तीत माझी बाजू चांगली नाही.

तळेवणे हे धामापूरच्या पलीकडचं एक लहान गाव. नकाशात शोधाल तर टिंबही सापडायचं नाही. गावाला एक तळं, तळ्याकाठी रवळनाथाचं देऊळ. देवळातली मूर्ती फार जुनी, नाक झिजलेलं, एक हात कोपरापासून गेलेला, आणि खाली बैठकीवर तीन ओळींचा लेख. मी तो पाहिला तेव्हा हरखून गेलो. पण गावानं नवी मूर्ती घडवायला दिली होती. नवी बसली की जुनी पाण्यात सोडायची. भंगलेला देव पूजेत ठेवायचा नाही, हा रिवाज. मी तातडीनं मुंबईला लिहिलं की मूर्ती संरक्षित करावी, हुकूम लवकर यावा. पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली. विसर्जनाचा दिवस उजाडायला एक दिवस राहिला तरी हुकूम नाही.

आदल्या दिवशी आम्ही दोघं तळेवण्याला पोचलो. गावचे मुख्य मानकरी नाना गावकर. सत्तरीचे, बोलायला मऊ, निर्णयाला कठीण. त्यांनी आम्हाला गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "ठसो काय तो घेवा. मूर्ती मात्र उद्या जातली."

दाजी बसले. दुपारपर्यंत अख्खा गाव सभामंडपात गोळा झाला, कारण आपल्या देवाखाली काय लिहिलंय हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. कागद निघाला. दाजींनी तो उजेडात धरून वाचला. पहिल्या ओळीत देवाला नमन. दुसऱ्या ओळीत, हा देव कुंभाराच्या नागाईनं बसवला. मंडपाच्या पायरीखाली उभ्या असलेल्या कुंभारवाडीच्या बायकांत कुजबुज उठली. एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "नागाय? म्हणजे आमच्यातली?"

"व्हय गो," दाजी म्हणाले. "तुमच्यातलीच."

तिसरी ओळ झिजून सपाट झाली होती. अक्षरं होती हे कळत होतं, कोणती ते कळत नव्हतं. माझ्या डोक्यात एकदम आलं. जुन्या लेखांच्या शेवटी पुष्कळदा शाप असतो, हे मोडील त्याचं वाटोळं होईल अशा अर्थाचा. इथंही तो असेलच की! मी दाजींच्या कानाशी लागलो. "शाप आहे म्हणून वाचा. मूर्ती वाचेल."

"दिसणा नाय," दाजी पुटपुटले.

"दिसायला कशाला हवं?"

त्यांनी नुसती मान हलवली. मग माझा ताबा सुटला. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं की तिसऱ्या ओळीत लिहिलंय, जो कोणी ही मूर्ती जागची हलवील त्याचा निर्वंश होईल. बायकांनी पोरं जवळ ओढली. नाना गावकरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते दाजींना म्हणाले, "मेस्त्रीनू, तुमी सांगा. तसा लिवलला आसा?"

दाजी उठून उभे राहिले. त्यांच्यासमोर त्यांचा साहेब होता, मागे देव होता. त्यांची नोकरी हंगामी, ती कायम करण्याची शिफारस माझ्या हातात. मूर्ती वाचावी असं त्यांना माझ्याहून शंभरपटीनं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगतो.

"नाय," ते म्हणाले. "काय तरी लिवलला आसा, पण काय ता माका दिसणा नाय. सायबांका मूर्ती रवाक व्हयी, म्हणान ते तसे बोलले. माकाय व्हयी. पण ता लिवलला नाय."

मग त्यांनी गावाकडे एकच मागणं केलं, की देवालाच विचारा. गुरवानं त्याच मूर्तीच्या छातीवर दोन बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर मूर्ती राहील, डावी पडली तर जाईल. कौलाची ही रीत सगळ्या गावांत आहे. मी घड्याळाकडे बघत होतो आणि दाजी पाकळ्यांकडे. डावी पडली.

दाजींनी हात जोडले. "बरा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः छातीभर पाण्यात उतरले. चार जण मूर्ती भिरकावून द्यायच्या बेतात होते. "देवाक न्हिजवतास, टाकतास न्हय," असं दरडावून त्यांनी ती गवताच्या पेंढ्यांत गुंडाळायला लावली, आणि लेखाची बाजू वर ठेवून हळूहळू तळाशी टेकवली. पाण्याबाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. मी काठावर उभा होतो. त्यांना पंचा द्यायचंही मला सुचलं नाही, इतका मी चिडलो होतो.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललो नाही. कोसभर चालल्यावर तेच बोलू लागले.

"माका वीस वर्सां व्हती. एक विद्वान इल्ले, तेंनीच माका ह्या काम शिकवल्यानी. एका देवळात दगडारचा नाव अर्धा पुसलला. ते म्हणाले, ह्या अमक्याचाच नाव आसतला. माका वाटला, तेंका बरा वाटात. मिया शायेन ता नाव भरून दिलंय. ता पुस्तकात छापान इला. मगे त्या नावाचा घराणा उठला, म्हणाला, देवळातलो पयलो मान आमचो. दुसरा घराणा म्हणाला, आमचो. डोकी फुटली. कितीतरी वर्सां पालखी भायर पडाक नाय. मिया जावन सांगितलंय, ता माझा काम, ता खरा न्हय. कोण आयकता? छापलला ता खरा."

मी नुसती पावलं भराभर उचलली. त्यांना काय सांगायचंय ते मला समजलं होतं आणि म्हणूनच राग जास्त येत होता.

तीन आठवड्यांनी मुंबईचा हुकूम आला. मूर्ती जैसे थे ठेवावी. मूर्ती तळ्यात गेली असं मी कळवलं, त्यावर खुलासा मागणारं पत्र आलं. कुणाच्या हलगर्जीनं हे झालं? खरं उत्तर लिहायचं तर माझा खोटेपणाही लिहावा लागला असता. मी दोन दिवस कागदापुढे बसलो आणि लिहिलं की हंगामी शिपाई रा. वि. मेस्त्री यांनी ग्रामस्थांसमोर अधिकाऱ्याच्या म्हणण्यास विरोध केल्यामुळे विसर्जन थांबवता आले नाही. लिफाफा बंद केला. तो टपालात टाकायला नेला दाजींनीच. पाकिटात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, कारण मसुदा टेबलावर उघडाच होता. जाताना त्यांनी विचारलं, "साहेब, आणखी काही टपाल आहे का?" त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव त्यानंतर पुन्हा कधी निघाला नाही. ते शेवटपर्यंत हंगामी राहिले. मला याची लाज वाटते. आज वाटते असं नाही, तेव्हाही वाटत होती.

पण त्यानंतर आमच्या कचेरीत एक नवल घडू लागलं. लोक आपणहून यायला लागले. पूर्वी सरकारी माणूस म्हटला की घरातली जुनी वस्तू माळ्यावर जायची, जमिनी जातील या भीतीनं. पहिले आले नाना गावकर. त्यांच्या काखेत लाल फडक्यात बांधलेला ताम्रपट होता, कित्येक पिढ्या भाताच्या कणगीत लपवलेला. तो त्यांनी माझ्या टेबलावर नाही ठेवला. दाजींच्या मांडीवर ठेवला. "वाचा," म्हणाले. "आमच्या विरोधात आसात तरी वाचा." मग कुणी दगड आहे म्हणून सांगायला यायचं, कुणी पडक्या तटाचे चिरे कोण पळवतंय ते कळवायला. दहा वर्षं नोटिसा काढून जे जमलं नसतं ते एका 'नाय'नं झालं. मुंबईच्या वरिष्ठांनी आमच्या ठाण्याचं कौतुक केलं. ते पत्र माझ्या नावानं आलं. मी ते दाजींना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बरा झाला. आता कागद जरा बरो मागवा. ह्यो लवकर फाटता."

दाजी निवृत्त होऊन खाडीपलीकडच्या आपल्या गावी गेले. मी एकदाच भेटायला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. त्यांनी भेंडीची रोपं दाखवली, बायकोला सोलकढी करायला लावली, आणि मी विषय काढणार तेवढ्यात म्हणाले, "सायबानू, हात बघू." माझ्या हाताला शाई लागलेली होती. मी अलीकडे ठसे स्वतः घेत असे. ते इतके खूश झाले की माझं राहूनच गेलं. त्या पावसाळ्यात ते गेले. कळलं तेव्हा दिवसकार्यही होऊन गेलं होतं.

त्याच्या पुढच्या साली पाऊस उणा झाला आणि उन्हाळ्यात तळेवण्याचं तळं आटत आटत पार डबक्यावर आलं. एका सकाळी नाना गावकर मुलाचा हात धरून कचेरीत आले. धुतलेलं धोतर, हातात नारळ.

"मेस्त्रींका न्हेवक इलंव," ते म्हणाले. "तळ्यात देव उघडो पडलो. गुरां तेच्यार पाय देतीत म्हणान गावान कौल घेतलो. ह्या वेळी देवान उजवो दिल्यान. देवळाच्या बाजूक, पूजेत नाय, पण सावलीक बसवतंव. मेस्त्री खंय आसत?"

मी सांगितलं. नाना बाकावर टेकले. मग मुलाला म्हणाले, "मगे तेंच्या घराक जावया."

मूर्ती बसवण्याच्या दिवशी दाजींच्या बायकोला नानांनी खाडीवरच्या तरीतून, मग बैलगाडीतून, तळेवण्याला आणलं. पहिला नारळ तिच्या हातात दिला, आणि तिनं तो देवापुढे फोडला. ज्यांना कोकणातली देवळं माहीत आहेत त्यांना हे काय आहे ते कळेल. मानाच्या नारळासाठी इथं भाऊ भावाला कोर्टात खेचतो; परगावच्या माणसाला तो कुणी देत नाही. त्या दिवशी तो एका हंगामी शिपायाच्या विधवेला दिला आणि एकही मानकरी हक्क सांगायला पुढे आला नाही. कुंभारवाडीच्या बायका या वेळी पायरीखाली नव्हत्या, मंडपात होत्या.

नानांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवापुढे मागणं मांडलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्या रयतेन तुका पाण्यातसून भायर काढून सावलीक बसवलो हा, तो मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"ज्या रामचंद्र मेस्त्रीन तुझ्या पायाकडला जितक्या दिसला तितक्याच वाचल्यान, तो आज हंय नाय. तेचो मान तेच्या घरकारणीच्या हातसून पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी हंय उभे आसत तेंच्यापैकी कोणाकडसून काय चुकला माकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा!"

चुकल्यामाकल्याची ही माफी प्रत्येक गाऱ्हाण्यात असते. नानांना माझ्या त्या लिफाफ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. "व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला आणि थांबला. मला म्हणायला उशीर झाला. सगळे गप्प झाल्यावर, मागे खांबाशी उभा राहून, मी एकट्यानंच मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा."

माणसं वळून बघायला लागली. दाजींची बायकोही वळली. दाजींनी तिला घरी काय सांगितलं होतं, काही सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. ती गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली आणि फोडलेल्या त्या नारळाचं एक शकल तिनं माझ्या हातावर ठेवलं.